हायब्रिडला नवे अलॉय घ्यायचेत: ऑफसेट किती धरावा?

चक्रपाणि (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तिसऱ्या पिढीची प्रियस आहे, १५ इंची चाकांची. मूळ रिम १५ × ६ जे (व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच), ईटी ४५, टायर १९५/६५ आर १५ (१९५ मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिमसाठी). गाडीबद्दल काडीची तक्रार नाही, पण मडगार्डच्या कमानीत चाक फारच आत गेलेलं दिसतं. बरेच दिवस मनात होतं, आता नवे अलॉय घ्यायचेच असं ठरवलंय.

पसंत पडलेला सेट १८ × ८ जे, ईटी ३५ असा आहे. त्यावर २२५/४० आर १८ टायर बसवून देतो म्हणाले. नट-बोल्टची भोकं जुळतात, ५ × १०० च आहेत (पाच भोकं, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर). माझा हिशोब असा: ऑफसेट ४५ चा ३५ झाला, म्हणजे चाक एक सेंटीमीटर बाहेर येईल. तेवढंच मला हवंय. पैसे भरण्याआधी इथे विचारतोय. हिशोब बरोबर आहे ना? आणि हायब्रिड असल्यामुळे वेगळं काही बघावं लागतं का?

सतरापाना

थांबा, पैसे भरू नका अजून.

ऑफसेटचा आकडा एकटा वाचायचा नसतो, रुंदीबरोबर वाचायचा. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मधली रेघ आणि रिम हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकते तो सपाट भाग, या दोघांतलं अंतर. टेकणारा भाग मधल्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक धरतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्यांचा तो अधिकच असतो.

आता हबच्या टेकणीपासून आत किती आणि बाहेर किती, ते काढायचं. अर्ध्या रुंदीत ऑफसेट मिळवला की आतली बाजू, अर्ध्या रुंदीतून ऑफसेट वजा केला की बाहेरची बाजू.

तुमची मूळ रिम ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी. अर्धे ७६.२. आत १२१.२, बाहेर ३१.२.

नवी रिम ८ इंच म्हणजे २०३.२ मिमी. अर्धे १०१.६. आत १३६.६, बाहेर ६६.६.

म्हणजे बाहेरची कड १० नाही, ३५ मिमी पुढे येतेय. बाहेरची बाजू आत्ता आहे त्याच्या दुपटीहून जास्त होतेय! शिवाय आतल्या बाजूलाही १५ मिमी सरकतेय, स्ट्रटकडे (चाकाच्या आतल्या बाजूचा स्प्रिंग-शॉकचा खांब).

(रिमवरची रुंदी टायर बसतो त्या जागेची असते. कडांची जाडी दोन्हीकडे अर्धा इंच धरून वेगळी मोजा.)

अजून एक. याच पिढीच्या प्रियसला कंपनीनेच १७ इंची चाकंही दिली होती: १७ × ७ जे, ईटी ५०, टायर २१५/४५. रिम रुंद केली तशी त्यांनी ऑफसेट वाढवला, कमी नाही केला. हिशोब करून बघा: आत १३८.९, बाहेर ३८.९. वाढलेल्या रुंदीतला बराच मोठा भाग आत ढकललाय, बाहेर पावणेआठ मिमीच येऊ दिलेत. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी जागा कुठे शोधली ते यात दिसतं.

नवशिका

मूळ प्रश्नाला सोडून विचारतो, माफ करा. ईटी म्हणजे काय? आणि हे आकडे रिमवर कुठे असतात?

सतरापाना

जर्मन शब्द आहे, आइनप्रेसटीफे, त्याची आद्याक्षरं. मिलिमीटरमधला ऑफसेट. आकडे बहुतेक वेळा आऱ्याच्या पाठीमागे किंवा हबला टेकणाऱ्या भागाजवळ ओतलेले असतात. चाक काढून पालथं घातलं की दिसतात. तिथेच जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे शिक्के आहेत का बघा. पहिला जपानच्या हलक्या मिश्रधातूच्या रिमांच्या मानकाचा, दुसरा तिथल्या तपासणी संस्थेकडे नोंद असल्याचा. आणि एका रिमवर किती किलो भार चालतो तोही आकडा शोधा. जिथे तो आकडाच नाही ती रिम मी घेणार नाही, दिसायला कितीही देखणी असो.

सावकाश

चक्रपाणि, तुम्ही आहात तिथेच मी दोन वर्षांपूर्वी होतो, म्हणून लिहितो.

माझीही हायब्रिडच. दुकानात रिकाम्या गाडीला चाकं लावून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून दाखवलं. कुठेच लागत नव्हतं. मी खूश. दोन आठवड्यांनी मागे तिघं, डिकीत सामान, असे निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘खर्र’ असा आवाज. वाटलं सामान हललं असेल. मग प्रत्येक खड्ड्याला. मुक्कामी पोचल्यावर खाली वाकून टॉर्च मारला तर मडगार्डच्या आतल्या कडेला काजळीसारखी काळी भुकटी, बोटाला लागत होती. टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली एक चकचकीत रेघ, रबर जणू कोणी पॉलिशपेपरने घासलंय. आणखी शे-दोनशे किलोमीटर तसाच गेलो असतो तर टायर कापला गेला असता.

दुकानदाराने सांगितलं कड आत दुमडून देतो. मी नाही दुमडली. तिथला रंग तडकला की गंज पत्र्याच्या आत शिरतो. चाकं तोट्यात विकली.

रिकाम्या गाडीवरची चाचणी धरूच नका. जितकी माणसं बसू शकतात तितकी बसवा, मग वळवा, मग गतिरोधक.

चक्रपाणि

बापरे. दोघांचेही आभार. १८ × ८ चा नाद सोडला असं समजा.

पण मग सरळ कंपनीच्याच १७ × ७ ईटी ५० मापाचे घेतले तर डोळे झाकून बसतील ना?

स्पर्शबिंदू

डोळे झाकून नको. एक बारीक गोष्ट निसटतेय. कंपनीने १७ इंची गाडीचं स्टेअरिंगही वेगळं ठेवलं होतं. १५ इंची प्रियसची किमान वळणत्रिज्या ५.२ मीटर, १७ इंचीची ५.५ मीटर. म्हणजे रुंद चाक पूर्ण वळणावर आत कुठे टेकू नये म्हणून तिला कमी वळू दिलंय. तुमची गाडी १५ इंची, ती जास्त वळते. तेच १७ इंची चाक तुमच्या गाडीला पूर्ण वळणावर आतल्या बाजूला लागू शकतं. लागेलच असं नाही, पण ‘कंपनीचं माप आहे’ एवढ्यावर सोडू नका, लावून बघा.

आता हायब्रिडचं वेगळं काय, या तुमच्या प्रश्नाकडे येते. मी सस्पेंशनच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो स्ट्रटच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत तिरका जातो. ही रेघ जमिनीपर्यंत खाली वाढवली तर ती टायरच्या टेकणीच्या मध्याजवळ कुठेतरी येते. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत ते फार थोडं ठेवतात. ऑफसेट १० मिमीने कमी केला की टायरची टेकणी सरळ १० मिमी बाहेर सरकते आणि हे अंतरही तेवढंच बदलतं. तेव्हा एका चाकाखाली खड्डा किंवा पाण्याचं डबकं आलं की स्टेअरिंग हाताला हिसका देतं. ब्रेक दाबताना एका बाजूला पकड कमी असेल तर ओढ जास्त जाणवते. हे अलाइनमेंट करून जात नाही, कारण कोन बिघडलेला नसतो, चाकाची जागाच बदललेली असते.

हायब्रिडमध्ये याला एक पदर जास्त आहे. इलेक्ट्रिक मोटर उभ्या गाडीपासूनच पूर्ण जोर देते, आणि वेग कमी करताना तीच मोटर जनरेटर होऊन चाकाला मागे ओढते. हा जोर ड्राइव्हशाफ्टमधून (चाक फिरवणाऱ्या दांड्यातून) येतो, त्यामुळे तो चाकाच्या मध्याच्या उंचीवरून स्टेअरिंगला पीळ देतो. घर्षणाचे ब्रेक लागतात तेव्हा तोच पीळ जमिनीच्या पातळीवरून येतो. एकाच पेडलवर गाडी एका प्रकारातून दुसऱ्यात जाते, आणि बहुतेक चालकांना ते कळतही नाही इतकं नीट हे जुळवलेलं असतं. ऑफसेट बदलला की दोन्हीकडची तरफ तेवढ्याच मिलिमीटरनी बाहेर सरकते. रोजच्या संथ वाहतुकीत सुटताना आणि थांबताना स्टेअरिंगमध्ये जी किंचित चळवळ सुरू होते, ती मग रोज जाणवते.

बेअरिंगचंही तसंच. गाडीचं वजन बेअरिंगच्या दोन ओळींच्या मधून खाली जावं असं धरून चाक तिथे ठेवलेलं असतं. चाक बाहेर नेलं की बाहेरच्या ओळीवर भार वाढतो. लगेच काही होत नाही, काही हजार किलोमीटरनंतर वेगाबरोबर वाढणारी घरघर सुरू होते.

माझा स्वतःचा नियम: चाकाची मधली रेघ मूळ जागेपासून ५ मिमीच्या आत ठेवायची. रुंदी वाढवायची तर दोन्हीकडे सारखी वाटली जाईल असं माप शोधायचं. बाहेर ढकललेलं चाक मला कधीच पटलेलं नाही.

रबरी

ताई, फार छान समजावलंत, साठवून ठेवतोय.

मी मायलेजच्या बाजूने लिहितो. पाचव्या पिढीच्या प्रियसचंच उदाहरण घ्या. २०२३ च्या अमेरिकी सरकारी आकड्यांत १७ इंची चाकांची साधी आवृत्ती एकत्रित ५७ मैल प्रति गॅलन दाखवते आणि १९ इंची चाकांच्या वरच्या आवृत्त्या ५२. म्हणजे लिटरला अंदाजे २४.२ आणि २२.१ किलोमीटर. वरच्या आवृत्तीत इतर साहित्याचं वजनही आहे, सगळा दोष चाकांचा नाही. पण इंजिन, मोटर, बॅटरी तीच, दोघींच्या टायरची रुंदीही १९५ च, आणि फरक लिटरला दोन किलोमीटर. मोठ्या रिमचा यात वाटा नक्की आहे.

सतरापाना

वजन, रबरीजी, वजन! रिमच्या कडेला वाढवलेला एक किलो वेग घेताना गाडीत ठेवलेल्या जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो, कारण तो पुढेही न्यायचा आणि फिरवायचाही. व्यास वाढला की धातू मध्यापासून लांब जातो, तो आणखी वाईट. चक्रपाणि, दोन्ही चाकं टायरसकट तराजूवर ठेवा आणि मगच ठरवा.

रबरी

वजनाचं मान्य आहे, पण त्याला मी दुसरा नंबर देईन. समजा चाकामागे ५ किलो वाढले, चार चाकांचे २०. कडेला आहेत म्हणून दुप्पट धरा, ४०. मागच्या सीटवर एक सडपातळ माणूस कायमचा बसवल्यासारखं. आणि वेग घेताना गेलेल्या ऊर्जेतला काही भाग हायब्रिड थांबताना परत मिळवते, सगळा नाही, पण काही मिळवते.

टायर रस्त्यावर फिरताना जे गिळतो ते मात्र परत येत नाही. युरोपच्या टायर लेबलवर (मे २०२१ पासून ए ते ई असे पाच वर्ग आहेत) ए वर्गाच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स टनामागे ६.५ किलो किंवा कमी असतो, सी वर्गाचा ९ पर्यंत जातो. माणसांसकट दीड टनाची गाडी धरा: एकीकडे पावणेदहा किलोची सतत मागे ओढ, दुसरीकडे साडेतेराची. १०० किलोमीटरमध्ये हा फरक चाकांशी एक युनिट विजेइतका होतो, पेट्रोलच्या भाषेत पाव लिटरहून थोडा जास्त. जी गाडी १०० किलोमीटरला साडेचार लिटर पिते तिच्यासाठी हे लहान नाही. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीत हा फरक पटकन दिसत नाही, हायब्रिडमध्ये लगेच दिसतो.

लोक अलॉयबरोबर रुंद, चिकट, दिसायला आडदांड टायर घेतात, मायलेज पडलं की बॅटरीवर संशय घेतात. बॅटरी बिचारी ठणठणीत असते.

आणि प्रियसच्या मूळ चाकांवरची ती प्लॅस्टिकची झाकणं! त्यांना कोणी हसू नका. तुमच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२५ होता. तो खाली आणायला चाकं बंद-बंद ठेवणंही लागतं. उघड्या आऱ्यांचं चाक हवा घुसळत फिरतं.

सावकाश

रबरी, पूर्ण अनुमोदन. मी जुन्या चाकांवर परत आलो तेव्हा पहिल्याच टाकीत गाडी सैल झाल्यासारखी वाटली.

चक्रपाणि

शनिवारी गाडी जॅकवर घेतली. तुम्हा सगळ्यांचं वाचून हात स्वस्थ बसेनात.

पुढचं चाक काढून पालथं ठेवलं, वरून सरळ लाकडी पट्टी आडवी टाकली आणि पट्टीपासून हबच्या टेकणीपर्यंत मोजलं. १३४ मिमी. सतरापाना यांच्या सूत्राने १२१ आणि कडेचे १३, तंतोतंत! चार ओळींचं गणित हातातल्या पट्टीवर उतरलेलं बघून फार समाधान वाटलं.

मग चाक परत लावून स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि आत हात घालून चाचपलं. स्ट्रटच्या बाजूला चांगली जागा आहे. पण पूर्ण वळणावर टायरचा मागचा खांदा आणि आतला प्लॅस्टिकचा पडदा यांच्यात माझी दोन बोटं जेमतेम गेली. ताईंनी सांगितलं ते नेमकं इथेच असणार. टायरसकट एका चाकाचं वजन १६ किलोच्या आसपास भरलं. तो १८ इंची सेट दुकानात टायरसकट उचलून तराजूवर ठेवायला लावला: साडेएकवीस.

आता १६ × ६.५ जे, ईटी ४५ वर विचार करतोय, टायर २०५/५५ आर १६. आत १२७.५५, बाहेर ३७.५५. दोन्हीकडे सारखेच, ६.३५ मिमी वाढतात. मधली रेघ जागची हलत नाही. चालेल ना?

स्पर्शबिंदू

उत्तम माप. यात स्टेअरिंगला कळणारही नाही की चाक बदललंय.

टायरची उंचीही ताडून बघितली. १९५/६५ आर १५ चा व्यास ६३४.५ मिमी, २०५/५५ आर १६ चा ६३१.९. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक. स्पीडोमीटर आणि चाकाच्या वेगावर चालणारं एबीएस दोघंही निवांत राहतील. भाराचा आकडा मात्र टायरवर स्वतः वाचा. तुमच्या मूळ मापाचा ९१ आहे, म्हणजे टायरमागे ६१५ किलो. २०५/५५ आर १६ मध्ये ९१ सहज मिळतो. २१५/४५ आर १७ घेतला असतात तर साध्या टायरवर ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. ९१ साठी जादा भाराचा टायर शोधावा लागला असता.

सतरापाना

माझ्याकडूनही हिरवा कंदील. फक्त घेताना मधलं भोक बघा. प्रियसच्या हबचा उंचवटा ५४.१ मिमी. बाजारातल्या रिमांचं भोक सहसा मोठं असतं, ७३.१ वगैरे. मधली फट भरणारी रिंग नेमक्या मापाची हवी, नाहीतर ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतो.

जुन्या बाजारात ५ × १०० म्हणून सुबारूच्या आणि फोक्सवॅगनच्या रिमाही समोर येतील. सुबारूचं भोक ५६.१, एक मिलिमीटर जाडीची रिंग लागते. फोक्सवॅगनचं ५७.१, पण तिथे खरी अडचण वेगळी: त्या रिमांत नट-बोल्ट बसायची वाटी गोल असते, आपले नट शंकूच्या आकाराचे. हाताला घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण टेकलेले असतात एका बारीक कडेवर. सैल व्हायला वेळ लागत नाही. नट रिमच्या वाटीप्रमाणेच घ्यायचे.

नवशिका

रिम थोडी आत गेलीच तर हब आणि रिमच्या मध्ये पातळ स्पेसर (चकती) टाकून भागत नाही का? ५ मिमीचा?

सतरापाना

५ मिमी स्पेसर म्हणजे स्टडचे (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसतो त्या बोल्टचे) ५ मिमी आटे कमी. प्रियसचा स्टड १२ मिमी जाडीचा, आट्यांतलं अंतर दीड मिमी. नट निदान आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. हाताने फिरवत मोजा, आठ भरले नाहीत तर ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही. शिवाय स्पेसर हबचा तो उंचवटाही खातो, रिंगला धरायला जागा उरत नाही. योग्य ऑफसेटची रिम मिळत असताना या वाटेला जायचंच कशाला?

चक्रपाणि

शेवटचा अहवाल. १६ × ६.५, ईटी ४५ लावले. बंद-बंद आऱ्यांचं डिझाइन मुद्दाम निवडलं, टायर ए वर्गाचा, भार ९१. टायरसकट १७ किलो भरलं. रिंगा ७३.१ ते ५४.१ च्या, हबवर ठेवल्यावर अंगठ्याने दाबून बसवाव्या लागल्या, हलत नव्हत्या.

मागे तिघांना बसवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून, गतिरोधकावरून चार वेळा नेली. आवाज नाही. घरी येऊन टॉर्च मारला, काळी भुकटी कुठेच नाही. पूर्ण वळणावर आता दीड बोट जागा आहे.

कमान भरल्यासारखी दिसत नाही, हे खरं. पण चाक आता आत दडल्यासारखंही दिसत नाही, आणि स्टेअरिंग पूर्वी होतं तसंच आहे.

नट १०३ न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळले होते. आज १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावला. वीसपैकी सतरा तिथेच ‘टक्’ झाले, पुढच्या डाव्या चाकाचे तीन थोडे फिरले.

सतरापाना

तीनही एकाच चाकाचे, म्हणजे त्या हबच्या तोंडावर गंज असेल. ते चाक काढा, तारेच्या ब्रशने टेकणी घासून कोरडी पुसा, मग पुन्हा आवळा. आणि आणखी १०० किलोमीटरने परत बघा.